माहीत असलेले बाजूला ठेवण्याचा सराव

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून कायद्याच्या शिक्षणाकडे वळलेली मुले अलीकडे माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. मोठ्या लॉ फर्ममध्ये, विशेषतः लंडनच्या, अर्ज केला की मुलाखतीच्या आधीच चिकित्सक विचाराची ऑनलाइन चाचणी द्यावी लागते आणि तिथेच गाडी अडते. मग ‘आपली बुद्धीच त्या तोडीची नाही’ किंवा ‘मराठी माध्यमाचा फटका बसला’ असे म्हणून मुले मोकळी होतात. या दोन्ही समजुतींना बहुतेक वेळा आधार नसतो. हे ज्या विद्यार्थिनीच्या अनुभवातून मला नीट मांडता येते, तिच्याविषयी येथे तिच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आणि पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात होती. लंडनच्या एका फर्मकडे तिने प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. चिकित्सक विचाराची वॉटसन-ग्लेसर ही चाचणी दिल्यावर थोडक्यात नकार आला, कारण काही कळवलेले नव्हते. “मॅडम, उतारा कळतोय, शब्द कळतायत, तरी उत्तर चुकतंय. कुठं चुकतंय तेच कळंना झालंय,” असे ती म्हणाली. सोबत आलेल्या वडिलांचा विचार तिला इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला घालण्याचा होता. मी त्यांना म्हटले की फी भरण्याआधी तिला माझ्यासमोर काही सराव प्रश्न सोडवू द्या, आणि तिला सांगितले की प्रत्येक उत्तरामागचे कारण मोठ्याने बोल.

या चाचणीचे सध्याचे प्रचलित रूप 40 प्रश्नांचे आणि 30 मिनिटांचे असते, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 45 सेकंद मिळतात. प्रश्नांचे पाच प्रकार असतात: उताऱ्यावरून अनुमान काढणे, विधानामागची गृहीतके ओळखणे, दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो का ते पाहणे, माहितीचा अर्थ लावणे आणि युक्तिवाद सबळ की दुर्बळ ते ठरवणे. कायद्याचे ज्ञान यांपैकी कुठेही लागत नाही. ऑनलाइन चाचणीत प्रश्न मोठ्या संचातून निवडले जात असल्याने मित्राला आलेले प्रश्न पाठ करूनही काही साधत नाही.

गृहीतकांच्या प्रश्नांपासून आम्ही सुरुवात केली. मी तिला एक साधे विधान दिले: ‘पहाटेच्या बसने कोल्हापूरला जाऊ आणि काम उरकून संध्याकाळी परत येऊ.’ यात ‘पहाटे कोल्हापूरला जाणारी बस असते’ हे गृहीत धरले आहे का? आहे, आणि तिने ते बरोबर ओळखले. त्याच विधानासाठी पुढचे संभाव्य गृहीतक होते, ‘आंदोलन पेटले की आंतरराज्य बस बंद होतात.’ तिने क्षणभरही न थांबता ‘गृहीत धरले आहे’ असे उत्तर दिले. कारण विचारल्यावर तिने निपाणी आणि कोगनोळी नाक्यावर अडकून पडलेल्या बसची हकिकत सांगितली. हकिकत खरी होती; सीमाभागात राहणाऱ्या कोणालाही ती ठाऊक असते. परंतु बोलणाऱ्याच्या विधानाला तिची गरज नव्हती. बस बंद पडू शकतात हे ज्याच्या गावीही नाही, असा माणूस ते वाक्य तितक्याच सहजपणे बोलेल. गृहीतक म्हणजे जे मान्य केल्यावाचून विधान उभेच राहत नाही ते, एवढी कसोटी लावली की या प्रकारातली निम्मी धांदल थांबते.

तिची खरी अडचण दिसली ती युक्तिवादांच्या भागात. मी मुद्दाम तिच्या जिव्हाळ्याचा प्रश्न निवडला होता: ‘कायद्याचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे का?’ पहिला युक्तिवाद असा होता: ‘होय, कारण मातृभाषा हा प्रत्येकाचा अभिमानाचा विषय आहे.’ दुसरा असा: ‘नाही, कारण वरिष्ठ न्यायालयांचे निकाल प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने विद्यार्थ्याला मूळ साधने वाचता येणार नाहीत.’ तिने पहिला सबळ आणि दुसरा दुर्बळ ठरवला. ज्या मुलीच्या घरात मराठी शाळा टिकावी म्हणून माणसे वर्षानुवर्षे झटली आहेत, तिने असे करावे यात मला नवल वाटले नाही. तिच्या मताशी माझे भांडणही नव्हते. मराठीतून कायदा शिकता यावा असे मलाही मनापासून वाटते. मात्र या भागात परीक्षकाला आपले मत नको असते. दिलेले कारण खरे आहे असे मानून चालायचे आणि ते प्रश्नाशी थेट निगडित आहे का, त्याला वजन आहे का, एवढेच तपासायचे असते. अभिमानावरून शिक्षणाच्या माध्यमाबद्दल काही ठरत नाही; मूळ निकाल वाचता येणार नाहीत, यावरून ठरू शकते. हे पटल्यावर ती काही वेळ गप्प होती, आणि मग तिने स्वतःच मातृभाषेच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद रचला: पक्षकार आणि तालुका न्यायालयातले वकील ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेत कायदा समजावून सांगण्याची सवय विद्यार्थ्याला लागेल. तो पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम होता, आणि वकिलाचे कामही याच जातीचे असते, म्हणून फर्म ही चाचणी घेतात.

अनुमानाच्या भागात मात्र नियम थोडा वेगळा आहे आणि तो सूचनांमध्ये बारकाईने वाचावा लागतो. तिथे ‘खरे’, ‘बहुधा खरे’, ‘माहिती अपुरी’, ‘बहुधा खोटे’ आणि ‘खोटे’ असे पाच पर्याय असतात. ‘बहुधा’ ठरवताना सर्वांना ठाऊक असलेल्या सामान्य ज्ञानाचा आधार घेता येतो. उताऱ्यात धागाच नसेल तर ‘माहिती अपुरी’ हेच उत्तर.

इंग्रजीचा प्रश्न उरतोच, पण तो अवघड शब्दांचा नसतो. ‘काही’, ‘सर्व’, ‘फक्त’ अशा अर्थाच्या छोट्या शब्दांवर घाईत नजर घसरते. या वर्गातली काही मुले कन्नड वाचू शकतात, एवढे सांगितल्यावर ‘काहींना वाचता येत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही, कारण कदाचित सर्वांनाच येत असेल. अशी वाक्ये मनात मराठीत आणून तपासायला मी तिला सांगितले, आणि संभाषणाच्या वर्गाचा विषय तिथेच संपला.

उपजत बुद्धीच्या शंकेबद्दलही सांगायला हवे. या चाचणीच्या दोन जनकांपैकी एडवर्ड ग्लेसर यांनी 1941 मध्ये शालेय विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला; चिकित्सक विचाराचे धडे मिळालेल्या वर्गांची प्रगती धडे न मिळालेल्या वर्गांपेक्षा अधिक झाल्याचे त्यात दिसले होते. म्हणजे हे कौशल्य शिकवता येते, असे ज्याने चाचणी घडवली त्याचेच म्हणणे होते.

पुढचे काही आठवडे तिने एक वही ठेवली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘बाहेरची माहिती आणली’, ‘मत आड आले’ किंवा ‘शब्द निसटला’ यांपैकी एक शेरा. सुरुवातीला पहिलाच शेरा सर्वाधिक होता. तो कमी होऊ लागल्यावर मगच घड्याळ लावायला सांगितले. क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीतून लागलेली प्रश्न सोडून देण्याची सवयही मोडावी लागली, कारण क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, तर इथे गुण बरोबर उत्तरांवरच मोजले जातात. खानापूरकडे पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्यक्ष चाचणी तिने बेळगावच्या टिळकवाडीत मावशीकडे बसून दिली.

त्यानंतरच्या दोन अर्जांपैकी एका ठिकाणी ती चाचणीतून पुढे गेली, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा नकार आला. प्रत्येक फर्मची कटऑफ वेगळी असल्याने असे होते. अनेक फर्म एकाच भरती हंगामात पुन्हा संधी देत नाहीत. त्यामुळे जिथे जाण्याची सर्वाधिक इच्छा आहे, तिथला अर्ज वहीतले शेरे कमी होईपर्यंत, अर्थात मुदत सांभाळून, थांबवून ठेवावा, असे मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.