क्रॉनिक इन्फ्लमेशनमुळे ब्लड कॅन्सर होतो हे गणिताने सिद्ध झालंय का? सीआरपीवरून रिस्क काढता येते का?

सिद्ध झालंय का म्हणाल तर नाही. आणि तुमच्या वडिलांचा सीआरपी (शरीरात इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) बरेच दिवस वाढलेला आहे तर तो आकडा दाह आणि ब्लड कॅन्सर जोडणाऱ्या गणिती मॉडेलमध्ये टाकून रिस्क काढता येईल का, हे जे तुम्ही पुढे विचारलंय त्याचंही उत्तर नाहीच आहे, पण दोन्ही ‘नाही’ची कारणं वेगळी आहेत म्हणून जरा पाल्हाळ लावतो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो, गणितवाला आहे, एमएस्सीच्या प्रोजेक्टला हेच मॉडेल घेतलं होतं आणि त्याच्याशी सहा महिने झटापट केलीय.

तुम्ही वाचलंय ते बहुतेक डेन्मार्कच्या रोस्किल्ड युनिव्हर्सिटीतल्या ग्रुपचं काम असणार. मॉर्टन अँडरसन, जॉनी ओटेसन हे गणितवाले आणि हान्स हॅसलबाल्क हे रक्तविकाराचे डॉक्टर, यांचा पेपर २०१७ ला आला, मॉडेलला नंतर ‘कॅन्सायटिस’ म्हणायला लागले (आर्थ्रायटिस म्हणतो ना, तसं). विषय सगळ्या ब्लड कॅन्सरचा नाही, एमपीएन नावाच्या गटाचा आहे, ज्यात बोन मॅरो गरजेपेक्षा जास्त लाल पेशी नाहीतर प्लेटलेट बनवत सुटतो आणि एका प्रकारात मॅरोमध्ये जाळी धरते. यातल्या पुष्कळ पेशंटमध्ये जॅक-२ जीनमध्ये एकच ठरावीक बदल सापडतो, तो २००५ मध्ये कळला. पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणजे लाल पेशी वाढणाऱ्या प्रकारात तर साधारण ९५ टक्के लोकांत तो असतो. थोडक्यात, पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारं बटण दाबलेलंच राहतं.

मॉडेलमध्ये सहाच गोष्टी आहेत. चांगल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून रक्ताच्या बाकी पेशी बनतात त्या मूळ पेशी), त्यांच्यापासून तयार झालेल्या पक्क्या पेशी, बिघडलेल्या स्टेम सेल, त्यांच्या पक्क्या पेशी, मेलेल्या पेशी आणि इन्फ्लमेशन. प्रत्येकीचं एक डिफरन्शियल इक्वेशन. बस. पण खरी मजा कोण कोणाला गुणतंय त्यात आहे. पेशी मेल्या की त्यांचा कचरा उचलायला इम्यून पेशी येतात, त्या केमिकल सिग्नल सोडतात, म्हणून मेलेल्या पेशी वाढल्या की इन्फ्लमेशन वाढतं. इन्फ्लमेशन वाढलं की स्टेम सेलना हुकूम जातो, बनवा अजून. म्हणून स्टेम सेल वाढण्याच्या टर्मला इन्फ्लमेशनने गुणलंय. जास्त बनल्या म्हणजे पुढे मरणार पण जास्त, की पुन्हा कचरा. आणि वर चांगली स्टेम सेल बिघडण्याच्या दरालाही इन्फ्लमेशननेच गुणलंय. म्हणजे एकच गोष्ट आग लावणारी पण आणि आगीतून निघणारा धूर पण. त्यामुळे ‘इन्फ्लमेशनमुळे कॅन्सर होतो की कॅन्सरमुळे इन्फ्लमेशन’ हा प्रश्न इथे निम्माच राहतो, समीकरणात दोन्ही बाण एकाच वेळी आहेत.

हे चक्र निरोगी माणसातही फिरतं बरं का. रोज साधारण २०० अब्ज लाल पेशी नव्या बनतात आणि तेवढ्याच जातात, कचरा होतोच. फक्त तिथे ते एका जागी स्थिर राहतं. बाहेरून इन्फ्लमेशनचा सतत पुरवठा होत राहिला, म्हणजे सिगरेट किंवा वर्षानुवर्षं चाललेला ऑटोइम्यून आजार (ज्यात इम्यून सिस्टीम स्वतःच्याच शरीरावर उठते), तर मॉडेलमध्ये तो बाहेरचा इनपुट एक वेगळी टर्म म्हणून येतो, आणि तो किती आणि किती काळ यावर बिघडलेली वंशावळ कधी वरचढ होते ते हलतं.

हे ‘हलतं’ म्हणजे किती, ते पूर्ण मॉडेल न उघडताही वहीवर करून बघता येतं. समजा माणसाच्या रक्ताच्या स्टेम सेल १ लाख आहेत (अंदाज साधारण ५० हजार ते २ लाखांच्या आसपास आहेत), त्यातली एक बिघडली आणि तिची पिलावळ वर्षाला २० टक्क्यांनी वाढतेय. ती १० हजार, म्हणजे दहावा हिस्सा व्हायला किती वर्षं? १० हजारचा नॅचरल लॉग ९.२१, १.२ चा लॉग ०.१८२, भागाकार केला की जवळजवळ ५० वर्षं. आता वाढ २० ऐवजी ३० टक्के करा. ३५ वर्षं. पंधरा वर्षं कमी! म्युटेशन म्हणजे जीनमधला बदल तोच, पेशी तीच, फक्त आजूबाजूची हवा जरा तिच्या बाजूची. वीस-तीस हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, पण दशकं लागतात हे खोटं नाही. २०२१ च्या एका अभ्यासात पेशंटच्या स्टेम सेलमधली म्युटेशन मोजून मागे मागे गेले तर ६३ वर्षांच्या पेशंटमध्ये जॅक-२ चा बदल साधारण १९ व्या वर्षी झालेला निघाला आणि ३४ वर्षांच्या पेशंटमध्ये साधारण ९ व्या वर्षी.

आणि हवा तिच्या बाजूची होते हे नुसतं गणितात नाही. टीएनएफ-अल्फा हा इन्फ्लमेशनचा एक सिग्नल आहे, तो चांगल्या पेशींची वाढ दाबतो पण जॅक-२ बिघडलेल्या पेशी त्याला फारशी भीक घालत नाहीत, उलट स्वतःच तो जास्त सोडतात. शेजाऱ्याला झोप येऊ नये म्हणून स्पीकर लावायचा आणि स्वतः कानात बोळे घालून बसायचं, तसला प्रकार.

आता ‘सिद्ध’ का नाही. पेपरच्या शीर्षकातच ‘प्रूफ ऑफ कन्सेप्ट’ आहे आणि त्यातला ‘प्रूफ’ वाचूनच लोक फसतात. त्याचा अर्थ एवढाच की ही यंत्रणा अशी आहे असं धरलं तर पेशंटमध्ये दिसतं तसं वागणं समीकरणातून निघू शकतं. दुसऱ्या एखाद्या यंत्रणेतूनही निघू शकेल. गुणाकार कुठे टाकायचा हे माणसाने ठरवलेलं असतं. माझंच सांगतो, मेलेल्या पेशी साफ होण्याचा दर इन्फ्लमेशनवर अवलंबून हवा, कारण उचलणाऱ्या पेशी तेव्हाच जास्त येतात, तो गुणाकार मी विसरलो आणि कचरा साठत जाऊन मॉडेल भलतंच पेटलं, दोन दिवस मला वाटत होतं मला काहीतरी नवीन सापडलंय! त्याआधी अजून एक गंमत झाली होती, इन्फ्लमेशन विझण्याचा दर दिवसाला २ होता आणि मी साध्या ऑयलर पद्धतीने (आत्ताच्या दराने सरळ पुढचा आकडा काढायचा) आठवड्याची स्टेप घेतलेली. १ वजा १४ म्हणजे वजा १३, दर स्टेपला आकडा उणे तेरा पट, चौथ्या ओळीपर्यंत इन्फ्लमेशन पण मायनस आणि पेशी पण मायनस. इन्फ्लमेशन तासा-दिवसांत हलतं, स्टेम सेल वर्षांत, दोन्ही एका कोडमध्ये घ्यायचं तर स्टिफ, म्हणजे अशा फार वेगळ्या वेगांच्या समीकरणांचा सॉल्व्हर लागतो. तुम्ही स्वतः करून बघणार असाल तर तो वापरा.

सीआरपीचं. मॉडेलमधलं इन्फ्लमेशन म्हणजे बोन मॅरोभोवतीच्या सगळ्या सिग्नलची मिळून एक काल्पनिक राशी आहे, ती कुठल्या लॅबमध्ये मोजून मिळत नाही. सीआरपी लिव्हर बनवतं, आणि इन्फेक्शन, संधिवात, लठ्ठपणा, कशानेही वाढतं. ते तिथे बसवणं म्हणजे घराबाहेरचा धूर बघून आतल्या गॅसची ज्योत किती मोठी ते सांगणं. शिवाय लोकसंख्येच्या पातळीवर परिणाम आहे पण अवाढव्य नाही. स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात आधी ऑटोइम्यून आजार झालेल्यांना एमपीएनची शक्यता सुमारे १.२ पट निघाली, आणि एमपीएन मुळातच दुर्मिळ, तर दुर्मिळाच्या सव्वापटीलाही दुर्मिळच म्हणतात.

वडिलांच्या बाबतीत मॉडेल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा, सीआरपी कशामुळे वाढलाय, आणि सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा हिस्सा) किंवा प्लेटलेट सतत वरच्या बाजूला आहेत का. तसं असेल तर जॅक-२ ची रक्ततपासणी लागेल का ते तेच सांगतील. आणि सिगरेट ओढत असतील तर ती बंद करायला कुठलं समीकरण सोडवावं लागत नाही.

कोड हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, गुणाकार दुरुस्त केलेला देतो.