खडकात सळई रोवली, त्यात शोध कुठला?

प्रश्न असा आहे: “मी सिन्नरचा, सिव्हिल डिप्लोमा. खडकाळ जागेत रेडिमेड कंपाउंडचे पोल उभे करायला खडकात बसणारा नवा अँकर केलाय, फोटो खाली दिलाय. पेटंट घेऊ का? खर्च किती? मिळेल का?”

आधी तो फोटो इथून काढून टाका. उत्तर नंतर वाचा.

मी नाशकात अंबडला प्रीकास्टचे, म्हणजे आधीच ओतून ठेवलेल्या काँक्रीटच्या भागांचे, साचे बनवतो. २०११ साली त्र्यंबक रोडला एका द्राक्षबागेचं कंपाउंड अंगावर घेतलं होतं. पोलला दोन फूट खड्डा लागतो हे तुम्हाला सांगायला नको. तिथे वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. ब्रेकरवाल्याने एका खड्ड्याचा जो भाव सांगितला त्यात आख्खा पोल आला असता.

त्याआधी घाटघरच्या भुयारी वीजघराचं काम चालू असताना मी तिथे शटरिंगला होतो. बोल्टिंग, म्हणजे खडकात भोकं पाडून पोलादी बोल्ट आवळणं, रोज बघायचो. लोकांना वाटतं छताचा खडक बोल्टला लटकवलेला असतो. तसं नसतं हो. बोल्ट भेगा आवळून धरतो, मग खडकच स्वतःची कमान करून स्वतःला पेलतो. तर डोक्यात आलं, खड्डा हवाच कशाला? जॅकहॅमरने दीड फूट भोक पाडायचं, वीस मिलिमीटरची सळई ग्राऊटमध्ये, म्हणजे सिमेंटच्या ओतीव गाऱ्यात, उभी करायची, पोलच्या बुडात ओततानाच पोकळी ठेवायची आणि पोल वरून सळईवर टोपी घालावी तसा बसवायचा. पोकळीत पुन्हा ग्राऊट.

पहिला पोल बसवला, आठ दिवसांनी दोर बांधून ट्रॅक्टरने ओढला. आरामात कलला आणि सळईवरून निसटला. पोकळीसाठी मी पीव्हीसी पाइप वापरला होता, आतून गुळगुळीत. ग्राऊटचा अख्खा दांडा सळईला चिकटून खडकावर उभा, जमिनीतून उपटलेल्या गाजरासारखा, एक ओरखडा नाही त्याच्यावर. बागवाले काका हसून हसून खाली बसले. मग पुलाच्या गर्डरमध्ये केबलसाठी घालतात ती वळ्यावळ्यांची पत्र्याची नळी भंगारातून आणली आणि नवे पोल ओतले. या वेळी ट्रॅक्टरने ओढल्यावर पोल मोडला, पण पोकळी संपते तिथे, जमिनीपासून दीड फुटावर. बूड जागचं हललं नाही. मोडलेल्या पोलकडे बघून इतका आनंद मला ना आधी झाला होता ना नंतर.

त्या आनंदातच माती खाल्ली. नाशकातल्या एका बांधकाम प्रदर्शनात अर्धा कापलेला पोल मांडून बसलो, येईल त्याला नळी कुठली, ग्राऊट किती घट्ट, सगळं सांगत सुटलो. वर्षभराने दिंडोरी रोडला एका प्लॉटवर तेच पोल. माझेच कशावरून? माझ्या साच्यात चूक होती, पोकळी मधोमध न येता अर्धा इंच डावीकडे यायची. त्यांचीही अर्धा इंच डावीकडेच! चूकसुद्धा मोजून ढापली होती.

हे घरी सांगितलं तर आमचे साडू म्हणाले, “सळई जुनी, ग्राऊट जुनं. तुझा शोध कुठला त्यात?” साडू सरकारी खात्यात इंजिनिअर होते, आता रिटायर. वरून आणखी, “पांडवलेण्यांना कुणी बोल्ट मारले होते?” अहो, लेणी कोरणाऱ्यांनी खडक निवडून घेतला होता. मला निवडायला कोण देतंय? गिऱ्हाईक जागा दाखवणार तिथेच उभं राहायचं.

साडूंचं म्हणणं कायद्यातही आहे, खोटं का बोला. पेटंट कायदा १९७०, कलम ३ (एफ): माहीतच असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत असेल तर तो शोध नाही. पण माझ्या पोलमध्ये सळई एकटी काही करत नाही, नळीही नाही. दोन्ही एकमेकींवाचून निकामी. आणि साधेपणावरच जायचं तर जेम्स स्कॉटचा स्प्लिट सेट नावाचा खडकबोल्ट बघा, १९७० च्या दशकातला. ३९ मिलिमीटरची पोलादी नळी, उभी चिरलेली, आणि भोक तिच्याहून बारीक. ठोकून आत घातली की नळी दबते, पुन्हा फुलायला बघते आणि त्या जोरावर खडकाला धरून बसते. ना रेझिन, ना सिमेंट. जोसेफ मोनिए तर पॅरिसचा माळी. काँक्रीटच्या कुंड्या फुटतात म्हणून आत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली पेटंट घेतलं. साडू तिथे असते तर म्हणाले असते, जाळी जुनी, कुंडी जुनी.

आता जे साडूंना अजून सांगितलेलं नाही ते तुम्हाला सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी शोधता शोधता होनोलुलूच्या आल्फ्रेड यी या इंजिनिअरची स्प्लाइस स्लीव्ह सापडली, १९६० च्या दशकाच्या शेवटची. प्रीकास्ट भागांच्या सळया जोडायला ग्राऊटने भरलेली नळी, आतून कंगोरेदार. वाचताना माझं गाजर आठवलं. म्हणजे प्रदर्शनात तोंड उघडलं नसतं तरी नुसत्या नळीवर मला काही मिळालं नसतं. खडकातल्या सळईवर पोल थेट बसवायची पद्धत मांडली असती तर कदाचित. कदाचितच.

तुमचं काय? आधी जुनी पेटंटं शोधा, फुकट दिसतात. मग प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज. स्वतःच्या नावाने ऑनलाइन भरलात तर सरकारी फी १६०० रुपये, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने. तपासणीचे ४००० वेगळे, वकिलाचे आणखी वेगळे. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. आपल्याकडचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला. अर्जाआधी जगाला दाखवलेली वस्तू नवी धरत नाहीत. प्रदर्शनाची सूट आहे, पण केंद्र सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनालाच, आमच्या मंडपाला नाही. म्हणून फोटो काढून टाका म्हटलं. कुणी आधीच उतरवून घेतला असेल तर वकिलाला ते लपवू नका.

आणि हो, हे सगळं सहा फुटी, नुसता वारा अडवणाऱ्या भिंतीचं बोलतोय. मागे मातीचा भराव असेल तर एका सळईवर अजिबात जाऊ नका, डिझाइन करून घ्या. भोकातून तांबडी भुकटी यायला लागली तर थांबा. खडकाच्या दोन थरांमधली ती माती पाण्याने लोणी होते, तिथे काळ्या खडकाचा हिशोब लावू नका. भोक कॉम्प्रेसरने फुंकून साफ केल्याशिवाय ग्राऊट ओतू नका.

साच्यात पोकळी मात्र अर्धा इंच बाजूलाच ठेवा. उद्या कुणी ढापलं तर ओळख तरी पटेल.