गुण सारखे झाले, आता पुढे कोण? : वाचकांचे फुटबॉल-प्रश्न

प्रश्न : आमच्या मंडळाच्या स्पर्धेत चार-चार संघांचे दोन गट असतात. गेल्या खेपेस दोन संघांचे गुण सारखे झाले आणि मैदानातच वादावादी झाली. दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत अशा वेळी काय करतात? (एक वाचक, कराड)

उत्तर : २०२३ ची बंगळुरूची सॅफ स्पर्धा अगदी आपल्यासारखीच होती, आठ संघ आणि दोन गट. भारत आणि कुवेत एकाच गटात होते, दोघांचे सात-सात गुण झाले. आपसातला सामना १-१, त्यामुळे तिथे काही निवाडा लागेना. भारताने पाकिस्तानला ४-० आणि नेपाळला २-० हरवले होते. कुवेतने नेपाळला ३-१ आणि पाकिस्तानला ४-०. आता बेरीज करा. भारताने सात गोल केले, एक खाल्ला. कुवेतने आठ केले, दोन खाल्ले. गोलफरक दोघांचाही सहाच! मग केलेले गोल मोजायचे. तिथे आठ गोलांवर कुवेत गटात पहिला आला.

२०१८ मध्ये ढाक्याला तर त्याही पुढची वेळ आली. तीन संघांच्या गटात मालदीव आणि श्रीलंका दोघेही भारताकडून ०-२ हरले आणि आपसात ०-० असे सुटले. गुण, गोलफरक, गोल, सगळेच सारखे. शेवटी नाणेफेक झाली आणि मालदीव उपांत्य फेरीत गेला. तोवर त्यांचा एकही गोल नव्हता. पुढे त्यांनी नेपाळला ३-० आणि अंतिम सामन्यात भारताला २-१ हरवून चषक नेला. मालदीवची लोकसंख्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेएवढी, पाच लाखांच्या आसपास! नाणेफेक कुणालाच आवडत नाही, पण यादीच्या तळाशी ती लिहिलेली असावीच लागते.

खरा घोळ तीन संघ अडकले की होतो. समजा कराडने उंब्रजला ३-० हरवले, उंब्रजने रहिमतपूरला २-१ आणि रहिमतपूरने कराडला १-०. चौथ्या मलकापूरला कराडने १-०, उंब्रजने ६-० आणि रहिमतपूरने २-० असे हरवले. तिघांचेही सहा गुण. फक्त आपसातले सामने धरले तर कराडचा गोलफरक अधिक दोन, रहिमतपूरचा शून्य, उंब्रजचा उणे दोन. म्हणजे कराड आणि रहिमतपूर पुढे. गटातले सगळे सामने धरले तर उंब्रज अधिक चार, कराड अधिक तीन, रहिमतपूर अधिक दोन. म्हणजे उंब्रज आणि कराड पुढे. सामने तेच, गोल तेच, पण घरी जाणारा संघ बदलला.

यातली कुठलीही पद्धत चुकीची नाही. चूक होते ती पद्धत नंतर ठरवण्यात. आमचा कल आपसातल्या सामन्यांकडे आहे, कारण दुबळ्या संघावर सहा गोल चढवण्याला त्यात अवास्तव मोल मिळत नाही. क्रम असा लावा : गुण, आपसातले गुण, आपसातला गोलफरक, आपसातले गोल, एकूण गोलफरक, एकूण गोल, कार्डांचा हिशेब, शेवटी नाणेफेक. तिघांतला एक सुटून दोघे उरले तर त्या दोघांसाठी आपसातला हिशेब पुन्हा पहिल्यापासून करायचा, हे वाक्य स्वतंत्र लिहा. बहुतेक भांडणे इथेच होतात. कार्डे हा निकष फुकाचा समजू नका. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल सगळ्यांत बरोबरीत होते, पिवळी कार्डे कमी म्हणून जपान पुढे गेला. गैरहजर संघ ०-३ ने हरला असे धरायचे आणि मध्येच स्पर्धा सोडणाऱ्याचे सगळे निकाल रद्द करायचे, हेही त्याच कागदावर येऊ द्या. पहिल्या सामन्याआधी त्यावर आठही कर्णधारांच्या सह्या घ्या.

प्रश्न : स्पर्धा दक्षिण आशियाची, मग त्यात कुवेत आणि लेबनॉन कसे? आणि अफगाणिस्तान कुठे गेला? (एक वाचक, मिरज)

उत्तर : कुवेत आणि लेबनॉन २०२३ मध्ये पाहुणे संघ म्हणून आले. सॅफचे सदस्य सात : भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, मालदीव, पाकिस्तान, श्रीलंका. त्या वर्षी श्रीलंकेवर फिफाची बंदी होती, म्हणजे उरले सहा. अफगाणिस्तान २००५ मध्ये सॅफमध्ये आला, २०१३ ला काठमांडूत भारताला २-० हरवून विजेताही झाला, आणि तिरुवनंतपुरमच्या स्पर्धेनंतर मध्य आशियाई संघटनेकडे गेला.

प्रश्न : टायब्रेकरसाठी, म्हणजे सामना बरोबरीत सुटल्यावरच्या पेनल्टी किकसाठी, ऐनवेळी राखीव गोलकीपर उतरवता येतो का? पाच जणांची यादी रेफ्रीला द्यावी लागते का? (एक वाचक, विटा)

उत्तर : गोलकीपर बदलायचा असेल तर शेवटची शिट्टी वाजण्याआधी बदला. शिट्टीनंतर त्याला दुखापत झाली आणि खेळाडू बदलण्याची संधी शिल्लक असली, तरच राखीव येऊ शकतो. शिट्टीच्या वेळी जे मैदानावर होते, तेच किक मारणार. एका संघाचे दहाच उरले असतील तर दुसऱ्यानेही एक कमी करायचा. सामन्यातले पिवळे कार्ड टायब्रेकरमध्ये मोजले जात नाही.

यादी देण्याचे बंधन नियमात नाही, पण स्वतःसाठी अकरा जणांचा क्रम लावा, पाचांचा नव्हे. २०२३ च्या सॅफच्या अंतिम सामन्यात कुवेतची पहिली किक आडव्या बारला लागली आणि भारताची चौथी हुकली. पाच-पाच किकनंतर ४-४. मग सडनडेथ, म्हणजे एक-एक किक, जो हुकेल तो हरला. त्यात भारताच्या महेश सिंगने गोल केला, गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूने कुवेतची किक अडवली आणि भारत ५-४ ने जिंकला. सामन्याचा निकाल सहाव्या माणसाच्या पायावर आला होता. किक मारताना गोलकीपरच्या एका पायाचा काही भाग तरी गोलरेषेवर, तिच्या वर हवेत किंवा रेषेमागे हवा. पुढे येऊन अडवले तर किक पुन्हा. पहिल्यांदा समज, नंतर पिवळे कार्ड. किक बाहेरच गेली आणि गोलकीपरमुळे मारणारा बिचकलाही नसेल, तर मात्र पुन्हा नाही.

नाणेफेक दोनदा होते. पहिली कुठल्या गोलावर मारायचे यासाठी, दुसरी आधी कोण मारणार यासाठी. पहिलीच्या आधी दोन्ही डीमधले (गोलासमोरच्या चौकटींतले) पेनल्टीचे ठिपके रेफ्रीला दाखवा. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळी सामना झाला की ठिपक्याच्या जागी वाटीएवढा खड्डा पडतो, टेकवायचा पाय सरकतो आणि चेंडू बारवरून जातो. आदल्या दिवशी तिथली माती दोन इंच काढा, चाळलेला मुरूम भरा, थोडे पाणी मारून धुमसाने ठोका. मग गोलरेषेच्या मध्यापासून अकरा मीटर मोजून ठिपका मारा. त्यासाठी फक्कीच वापरा. कळीचा चुना ओल्या अंगाला लागला तर भाजतो, डोळ्यात गेला तर फार वाईट.

प्रश्न : माझी लेक चौदा वर्षांची आहे, शाळेच्या संघात खेळते. भारताकडून सॅफ खेळायचे तर वाट कोणती? (एक आई, सातारा)

उत्तर : वाट आहे, आणि स्पर्धाही तोडीची आहे. महिलांची सॅफ २०१० पासून होते. पहिल्या पाचही भारताने जिंकल्या, पण २०२२ आणि २०२४ ला काठमांडूत बांगलादेश विजेता ठरला. मुलींच्या वयोगटांच्या सॅफ स्पर्धाही होतात.

शाळेकडून सुब्रतो चषकाच्या, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या, १७ वर्षांखालील मुलींच्या गटात तिचे नाव जाऊ द्या. जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य अशी चढण आहे. शाळेबरोबर क्लबही हवा. क्लबमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत तिचा क्रमांक तयार होतो, तो एकदा मिळाला की जपून ठेवा.

मुली अडतात त्या कागदांवर. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला समोरासमोर ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एका कागदावर नावात एक ‘ए’ आणि दुसऱ्यावर दोन, एवढ्यावरही अर्ज परत येतो. दुरुस्ती आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्मदाखल्यावर करून घ्या, मग आधार, मग शाळा. आणि पासपोर्ट निवडीची वाट न बघता काढा. भारताकडून खेळायला तो लागतोच, आणि सराव शिबिराचा निरोप आल्यावर तेवढा वेळ हाताशी नसतो.