बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची फुटबॉल लीग, नव्याने बघायला लागलोय. जुन्यांपैकी कोणता हंगाम आधी बघावा आणि कोणत्या संघाच्या बाजूने राहावं?

२०००-०१. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही, कारण त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, १९ मे २००१ ला, मी गेल्झेनकिर्शनच्या पार्कस्टाडिओनमध्ये, शाल्के संघाच्या मैदानात, उभा होतो.

तेव्हा मी बोखुमला शिकत होतो. घरमालक कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, लहानपणापासून शाल्केचे. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलेला. खाणकामगारांच्या वस्तीतला संघ म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या मुलाला यायला जमेना म्हणून तिकीट माझ्याकडे आलं. त्या मैदानावरचा हा शेवटचा लीग सामना होता, आणि शाल्केने १९५८ नंतर लीग जिंकलेली नव्हती.

म्युनिकचा बायर्न ३ गुणांनी, म्हणजे एका विजयाने, पुढे होता; गुण सारखे झाले तर बघतात तो गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले गोल) आमचा चांगला. म्हणजे आम्ही उंटरहाखिंगला हरवायचं आणि बायर्नने हाम्बुर्गमध्ये हरायचं. उंटरहाखिंग आधी २-० ने पुढे गेला, बरोबरी झाल्यावर पुन्हा ३-२ ने. शेवटी आम्ही ५-३ ने जिंकलो. तेवढ्यात बातमी आली की हाम्बुर्गच्या बार्बारेझने ९० व्या मिनिटाला गोल मारलाय. तिकडचा सामना संपला असंही कुणीतरी सांगितलं आणि लोक मैदानात घुसले. घरमालकांनी माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

सामना संपला नव्हता. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर हाम्बुर्गचं चित्र लागलं. हाम्बुर्गच्या उयफालुशीच्या पायाला लागून आलेला चेंडू त्यांचाच गोलरक्षक शोबरने हातात घेतला (शोबर शाल्केच्याच मुशीतून आलेला, हे दुखणं वेगळं), आणि पंच मार्कुस मेर्कने बॅकपास ठरवून गोलच्या तोंडाशी बायर्नला इनडायरेक्ट फ्री किक दिली, म्हणजे जिच्यावर थेट गोल मारता येत नाही ती. एफेनबर्गने चेंडू सरकवला, आंडरसनने मारला, अडवायला उभ्या खेळाडूंच्या भिंतीतून आत. बायर्न ६३ गुण, शाल्के ६२. चार मिनिटं आम्ही विजेते होतो.

घरमालक एक शब्द बोलले नाहीत. गळ्यातला निळा-पांढरा मफलर काढला, नीट चौघडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला. ३०२ नंबरच्या ट्राममध्ये मोठमोठी माणसं हुंदके देत होती. घरी पोचलो तर माझा पुण्याचा खोलीसोबती बायर्नचा टी-शर्ट घालून दारात उभा. म्हणाला, ‘नियम म्हणजे नियम.’ तेही घरमालकांसमोर.

नियमाचंच बोलायचं तर बोलू. बॅकपास कधी? खेळाडूने गोलरक्षकाकडे चेंडू मुद्दाम पायाने दिला तर. उयफालुशी बायर्नच्या खेळाडूशी झुंजत होता, चेंडू काढून घ्यायला त्याने पाय घातला आणि तो शोबरकडे गेला. याला पास म्हणत नाहीत. मेर्कचा निर्णय चुकला, आणि भरपाई वेळेत, अख्खी लीग ज्या क्षणावर टांगलेली त्या क्षणी चुकला. त्या हंगामात शाल्केने बायर्नला दोन्ही वेळा हरवलं होतं. म्युनिकला ३-१, तिन्ही गोल आमच्या एबे सांडचे. बायर्न ९ सामने हरूनही विजेता ठरला. शाल्केला ‘मनांचे विजेते’ हे नाव मिळालं. आठवडाभरात त्यांनी बर्लिनमध्ये जर्मन कप ही वेगळी बाद फेरीची स्पर्धा जिंकली, पण कपने लीगचं दुःख जात नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आधीच्या शनिवारी स्टुटगार्टमध्ये शाल्के शेवटच्या मिनिटाला ०-१ ने हरला होता. तिथे नुसती बरोबरी साधली असती तरी ६३ गुण आणि सरस गोलफरकावर लीग आमची झाली असती. आणि चार दिवसांनी मिलानमध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकणारा बायर्न कच्चा संघ नव्हता.

संघाचं म्हणाल तर चषक मोजून निवडू नका. एखाद्या गावात राहिलात तर त्या गावाचे व्हा, नाहीतर दोन-चार महिने सगळे सामने बघा, आपोआप ठरेल. फक्त त्या शेवटच्या दिवसाचं चित्रण शोधाल तेव्हा आंडरसनच्या गोलवर थांबू नका. दहा-पंधरा सेकंद मागे जा आणि उयफालुशीचा पाय बघा. माझा तो खोलीसोबती आता म्युनिकलाच असतो. त्यानेही बघावा, मफलर चौघडी घालून ठेवणारा माणूस दारात उभा होता हे आठवून.