पडका किल्ला रंगवताय? आधी उजेड ठरवा

पहिला ब्रश किल्ल्यावर ठेवू नका. एकेक दगड काढत बसलात की मागचं आकाश नंतर चिकटवल्यासारखं दिसतं. इंग्लिश चित्रकार टर्नरची नॉरम किल्ल्याची जलरंगचित्रं नीट बघा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर, ट्वीड नदीकाठचा हा किल्ला त्याने १७९७ मध्ये पाहिला आणि म्हातारपणापर्यंत सोडला नाही. सूर्य किल्ल्यामागे, म्हणून भिंतींवर तपशील जवळपास नाहीच. नुसता निळसर आकार.

तुम्हीही तेच करा. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद ओला करून क्षितिजाशी फिकट पिवळा, वर निळा सोडा. कागदाची चमक गेली, पण हाताला अजून गार लागतोय, तेव्हा अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) थोडा बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) घालून किल्ला एका दमात टाका. कडा किंचित पसरतील, पसरू द्या. काळी ट्यूब पेटीतच बरी. पायथ्याचा रंग ओलसर ब्रशने टिपून घेतला की धुकं मिळतं. प्रतिबिंब किल्ल्यापेक्षा जरा फिकं ठेवा.

पाण्यावरची चमकती रेघ पूर्ण वाळल्यावर ब्लेडने खरवडा. टर्नरही असाच कागद खरवडून उजेड काढायचा. पातळ कागदावर मात्र नको, भोक पडतं.