किती क्रेडिट्स ते नंतर, आधी ती कुठे बसतील ते बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा प्रश्न एकच होता: "शाळेत असतानाच कॉलेजची किती क्रेडिट्स पदरात पडतील?" त्यांनी स्वतः डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, त्यामुळे आधी घाम गाळला की एक अख्खं वर्ष वाचतं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का आहे. इथे अमेरिकेत हिशेब सुट्या विषयांचा असतो; विषय पुरा केला की पदवीसाठी मोजली जाणारी ठराविक क्रेडिट्स मिळतात. शाळेत केलेला प्रत्येक विषय तुझ्या पदवीच्या कुठल्या तरी रकान्यात बसावा लागतो. बसला तर तेवढा वाचला, नाही बसला तर नुसता कागदावर राहिला. फोनवर हे त्यांना नीट सांगता आलं नाही, आणि दहावीचे विषय तूच निवडणार आहेस, म्हणून तुलाच लिहिते.

माझी नोकरीच कम्युनिटी कॉलेजातल्या (म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजातल्या) मुलांना विषय निवडायला मदत करायची. दर ऑगस्टला एखादा मुलगा समोर येऊन बसतोच. ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) तीसेक क्रेडिट्स, आणि एक वर्ष वाचल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नसतो. मग आम्ही इंजिनिअरिंगचा डिग्री प्लॅन, म्हणजे पदवीला लागणाऱ्या विषयांची यादी, उघडतो. त्याने केलेले असतात एपीचे, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय: एपी सायकॉलॉजी, एपी ह्यूमन जिऑग्रफी, एपी एन्व्हायर्न्मेंटल सायन्स... आणि प्लॅनमध्ये असल्या विषयांना जागा असते जेमतेम एक-दोन. सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती फिजिक्सची. एपी फिजिक्स १ आणि २ मध्ये कॅल्क्युलस नसतं, आणि इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसवालंच फिजिक्स लागतं. ते म्हणजे एपी फिजिक्स सी, त्यातही मेकॅनिक्सचा पेपर वेगळा, इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमचा वेगळा. पोरगा वर्षभर राबलेला असतो, स्कोअरही चांगला असतो, आणि मला सांगावं लागतं की बाबा रे, हे पुन्हा करायचंय.

आता मार्ग कुठले ते सांगते. टेक्ससमध्ये मोठे दोनच, एपी आणि ड्युअल क्रेडिट. शाळेच्या पत्रकात ते शेजारी शेजारी छापलेले असतात म्हणून सारखेच वाटतात, पण त्यांचा स्वभाव अगदी उलटा आहे.

एपीमध्ये वर्षभर शाळेतच शिकायचं आणि मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची एक परीक्षा द्यायची. स्कोअर १ ते ५. फी पेपरमागे साधारण शंभर डॉलर, आणि पेपरची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते. मे अजून लांब आहे म्हणून बसून राहिलीस तर वर लेट फी भरशील. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत कायद्याने साधारणपणे ३ ला क्रेडिट द्यावं लागतं, पण एखाद्या विषयाला जास्त स्कोअर मागायची मुभा विद्यापीठाला आहे, आणि इंजिनिअरिंगच्या कॅल्क्युलसला ती वापरलीही जाते. एपीची खरी गंमत पुढे आहे. पेपर बिघडला तर तो स्कोअर कॉलेजला पाठवायची सक्ती सहसा नसते. शाळेतला ग्रेड राहतो, स्कोअर तुझ्यापाशी.

ड्युअल क्रेडिटमध्ये तू खरोखरच कॉलेजची विद्यार्थिनी होतेस. वर्ग कदाचित तुझ्याच शाळेत भरेल, शिकवणारे सरही तेच असतील, पण ग्रेड कम्युनिटी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर चढतो आणि तो कायमचा असतो. वीस वर्षांनीही तो तिथेच सापडेल. अकरावीत मिळालेला सी पुढे कुठे कुठे डोकावतो, हे मुलांना खूप उशिरा कळतं. तुला डॉक्टर व्हायचं की कम्प्युटर करायचं हे अजून नक्की नाही म्हणालीस, म्हणून मुद्दाम सांगते: मेडिकलच्या अर्जात शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे सगळे कोर्स लिहावे लागतात आणि त्यांचे ग्रेड जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात. एपीचे स्कोअर तसे धरले जात नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या विषयात तुला ए मिळण्याची खात्री वाटते तो ड्युअल क्रेडिटने घे, आणि ज्यात धाकधूक आहे तो एपीने.

कॉलेजचे नियमही कॉलेजचेच. सेमिस्टरच्या बाराव्या दिवसापर्यंत कोर्स सोडलास तर नावनिशाणी राहत नाही; त्यानंतर सोडलास तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे कोर्स सोडला) लागतो. एखादा डब्ल्यू लागला तर आभाळ कोसळत नाही, पण तीन-चार दिसले की विचारणा होते. आणि हे आईला तूच सांग: प्राध्यापकांना पालकांनी ईमेल करायचे नसतात. केले तरी उत्तर येत नाही, कारण कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या माहितीवरचा कायदेशीर हक्क मुलांचाच असतो, मग वय पंधरा का असेना. असाइनमेंट राहिली, तारीख समजली नाही, ग्रेड पटला नाही, तर ईमेल तुझाच जायला हवा, आणि ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला) जाऊन बसायचं तेही तूच.

मग ड्युअल क्रेडिटने नेमकं काय घ्यावं? हा भाग जरा सावकाश वाच, कारण टेक्ससमध्ये इथेच सोनं आहे. राज्याच्या कायद्याने कुठल्याही सरकारी विद्यापीठाची पदवी घेणाऱ्याला, मग तो नर्स होवो की इंजिनिअर, अमेरिकन इतिहासाचे सहा तास (इथे तास म्हणजे क्रेडिट्सच) आणि सरकार-राज्यघटनेचे सहा तास करावेच लागतात. हे रकाने प्रत्येक डिग्री प्लॅनमध्ये असतात, त्यामुळे उद्या तुझं मन बदललं तरी ही क्रेडिट्स फुकट जात नाहीत. हिस्ट्री १३०१ आणि १३०२, गव्हर्न्मेंट २३०५ आणि २३०६, आणि जोडीला इंग्लिश १३०१, १३०२. हे आकडे राज्यभरातल्या कम्युनिटी कॉलेजांत एकच असतात. पहिला आकडा कोर्स कितव्या वर्षाचा ते सांगतो, दुसरा किती क्रेडिट्सचा ते. म्हणजे २३०५ हा दुसऱ्या वर्षाच्या पातळीचा, तीन क्रेडिट्सचा. एवढं वाचता आलं की कुठल्याही कॉलेजचं कॅटलॉग तुला घाबरवणार नाही.

गव्हर्न्मेंटमध्ये एक मेख आहे. एपी यूएस गव्हर्न्मेंटमध्ये टेक्ससची राज्यघटना शिकवत नाहीत. २३०५ मध्ये केंद्र सरकार आणि २३०६ मध्ये टेक्सस. त्यामुळे नुसता एपी करून आलेल्या मुलांना टेक्ससचा भाग वेगळी परीक्षा देऊन किंवा कोर्स घेऊन भरून काढावा लागतो. हा विषय एपीने करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. उलट कॅल्क्युलस बीसी एपीनेच कर. त्यात दोन सेमिस्टरचं गणित येतं आणि चांगल्या स्कोअरला बऱ्याच ठिकाणी दोन्ही सेमिस्टरचं क्रेडिट मिळतं.

यूटी ऑस्टिन या सरकारी विद्यापीठाचा ऑनरॅम्प्स नावाचा एक मधला मार्गही आहे. कोर्स शाळेतच, पण शाळेचा ग्रेड वेगळा आणि विद्यापीठाचा वेगळा. शेवटी विद्यापीठाचा ग्रेड बघून क्रेडिट घ्यायचं की नाकारायचं ते तू ठरवतेस. तुझ्या शाळेत असेल तर जरूर बघ. ड्युअल क्रेडिटची भीती वाटणाऱ्यांसाठी हा बरा. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा डिप्लोमा पुरा केला तर टेक्ससची सरकारी विद्यापीठं किमान २४ तासांचं क्रेडिट देतात, विषयांत ४ किंवा वर असेल तर. पण त्यासाठी शाळा बदलावी लागणार असेल तर नुसत्या क्रेडिटपायी बदलू नकोस. क्लेप ही कॉलेज बोर्डाचीच दीडेक तासाची परीक्षा. अभ्यास आपला आपण करायचा आणि सेंटरवर जाऊन पेपर द्यायचा. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा फुकट ऑनलाइन कोर्स पुरा केला तर परीक्षेची फीही तीच संस्था भरते. स्वस्त आहे, पण नामांकित खाजगी कॉलेजं क्लेपला सहसा विचारत नाहीत.

खाजगी कॉलेजांचं निघालंच आहे तर तुझ्या बाबांच्या आवडत्या दोन नावांबद्दल. कॅलटेक एपीला क्रेडिट देतच नाही. एमआयटी कॅल्क्युलस बीसीच्या ५ ला पहिल्या कॅल्क्युलसचं देते, पण तिथेही एपीचा ढीग रचून वर्ष वाचवता येत नाही. ड्युअल क्रेडिटबाबत तर अनेक खाजगी कॉलेजांचा नियमच असा की जो कोर्स शाळेच्या पदवीसाठी मोजला तो आम्ही मोजणार नाही. याचा अर्थ तिथे जायचं असेल तर एपी करू नये असा मुळीच नाही. अवघड विषय घेतलेले त्यांना अर्जात दिसायला हवेत. फक्त पैसे वाचतील या हिशेबावर विसंबू नका.

पैशांचा विषय तुमच्या घरात उघड बोलला जातो हे मला आवडतं, म्हणून मीही उघडच लिहिते. तू एच-४ वर, म्हणजे बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेस, तेव्हा केंद्र सरकारची शिक्षण-मदत तुला मिळणार नाही. टेक्ससच्या रहिवाशाची फी मात्र एच-४ वरच्या मुलांनाही लागू होऊ शकते. तुमचं इथलं राहणं सलग दाखवणारे कागद आतापासून एका फाइलमध्ये ठेवायला बाबांना सांग. अशा घरात कम्युनिटी कॉलेजच्या दरात झालेले इतिहास-सरकार-इंग्लिशचे अठरा तास म्हणजे रोकड आहे. तरी तीन वर्षांत पदवी उरकायची घाई करू नकोस, असं मी म्हणेन. वाचलेल्या जागेत एखादी इंटर्नशिप, प्रयोगशाळेतलं काम, दुसरा एखादा आवडीचा विषय बसव. बाबांना हे पटेलच असं नाही.

रँककडेही लक्ष असू दे. शाळेत वरच्या १० टक्क्यांत येणाऱ्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश देणारा कायदा टेक्ससमध्ये १९९७ पासून आहे, पण यूटी ऑस्टिनने आपली मर्यादा २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्क्यांवर आणली आहे. रँक ठरतो वजनदार जीपीएवर, आणि एपीला किती वजन, ड्युअल क्रेडिटला किती, हे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) आपापलं ठरवतं. काही ठिकाणी दोन्ही सारखी, काही ठिकाणी ड्युअल क्रेडिटला कमी. शेजारच्या गावातल्या मैत्रिणीचं ऐकून विषय निवडायचे नाहीत ते यासाठी.

आणि तुझी मराठी. एपीत मराठी नाही, त्यामुळे कॉलेजचं क्रेडिट तिथून मिळणार नाही. पण टेक्ससमध्ये शाळेच्या पदवीसाठी परक्या भाषेची दोन क्रेडिट्स लागतात, आणि अवंत या संस्थेची स्टॅम्प नावाची भाषेची परीक्षा मराठीतही देता येते. बरीच डिस्ट्रिक्ट्स अशा परीक्षेवर शाळेचं क्रेडिट देतात. तुझं देतं का ते विचार. आठवीपर्यंत पुण्यात मराठीत निबंध लिहिलेल्या मुलीने इथे स्पॅनिशच्या पहिल्या धड्यापासून दोन वर्षं घालवायची, आणि त्याच तासाला कॅल्क्युलसच्या आधीचं प्रीकॅल्क्युलस बसत नाही म्हणून रडायचं, हे मला तरी बघवत नाही. स्पॅनिश मनापासून शिकायची असेल तर गोष्ट वेगळी, मग खुशाल शीक.

दहावीत जास्त काही करू नकोस. एक एपी पुरे, तोही आवडीचा. गणिताची गाडी मात्र अशी लाव की बारावीत कॅल्क्युलस बीसी हाती येईल. ड्युअल क्रेडिट अकरावीपासून. त्याआधी टीएसआय ही वाचन-लेखन-गणिताची चाचणी पार करावी लागते, किंवा एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेतल्या ठराविक स्कोअरवर ती माफ होते. अवघड नाही, पण सीट भरायच्या आधी द्यायला हवी.

काउन्सेलरकडे जाशील तेव्हा "कुठले एपी घेऊ?" असं विचारू नकोस, ती यादी हातात ठेवेल. आधी घरी बसून यूटी डॅलस, टेक्सस ए अँड एम आणि यूटी ऑस्टिनच्या बायोलॉजी आणि कम्प्युटर सायन्सचे डिग्री प्लॅन काढ. सहा कागद होतील. तिन्ही ठिकाणी, दोन्ही शाखांत जे विषय येतात त्यांच्यावर खूण कर. मग विचार, की यातले कुठले आपल्या शाळेत मिळतात, एपीने की ड्युअल क्रेडिटने, आणि रँकमध्ये त्यांचं वजन किती. उत्तरं ईमेलने मागव, म्हणजे लेखी राहतील. ते सहा कागद मलाही पाठव. विषयपत्रकात कधीपर्यंत बदल करता येतात ते शाळेला विचार, पण डिसेंबरची सुट्टी लागायच्या आत आले तर मला निवांत बघता येतील.

तुझी,
मावशी