एचएसएच्या पैशातून डायरेक्ट प्रायमरी केअरची मेंबरशिप फी भरता येते का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, कंपनीचा हाय डिडक्टिबल प्लॅन (म्हणजे ठराविक रकमेपर्यंत खर्च आधी आपल्या खिशातून, मग इन्शुरन्स) आणि त्यासोबत एचएसए (आजारपणाच्या खर्चासाठीचं टॅक्स वाचवणारं खातं) आहे, आणि घराजवळ एक डॉक्टर महिना 90 डॉलर घेऊन हवं तेव्हा भेटतो, म्हणजे हीच डायरेक्ट प्रायमरी केअरची मेंबरशिप. तर हो, 1 जानेवारी 2026 पासून भरता येते, जुलै 2025 मध्ये टॅक्सचा जो मोठा कायदा झाला त्यातच हे आलंय. पण नुसतं कार्ड स्वाइप झालं म्हणून खूश होऊ नका, मशीनला काय कळतंय. मेंबरशिप घेतल्यावर तुम्हाला एचएसएमध्ये नवीन पैसे टाकता येतात की नाही हे आधी बघा. मी तिथेच आपटलोय.

झालं असं की मार्च 2024 ला आम्ही तिघांनी अशी मेंबरशिप घेतली, प्लाझामध्ये इंडियन ग्रोसरीच्या शेजारी दोन खोल्यांचं क्लिनिक. एकदा रात्री दहाला मुलाच्या पाठीवर पुरळ उठलं, फोटो पाठवला तर पंधरा मिनिटांत डॉक्टरचा मेसेज, ताप आहे का, खाज सुटतेय का, सकाळी आठला घेऊन या. इकडे इन्शुरन्सवाल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळते, त्यामुळे आम्ही एकदम फिदा. आणि मी त्या वर्षी एचएसएमध्ये फॅमिलीचे पूर्ण 8,300 डॉलर टाकले. पुढच्या फेब्रुवारीत सीपीएने, म्हणजे टॅक्स भरून देणाऱ्या अकाउंटंटने, विचारलं दुसरं काही हेल्थ कव्हरेज होतं का, मी भाबडेपणाने मेंबरशिपचं सांगितलं, तर तो गप्पच झाला. तेव्हा आयआरएसचं, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचं, म्हणणं होतं की अशी मेंबरशिप म्हणजे दुसरा हेल्थ प्लॅनच, आणि असा दुसरा प्लॅन असला की एचएसएत पैसे टाकता येत नाहीत, म्हणजे मला फक्त जानेवारी-फेब्रुवारीचे, 1,383 डॉलर टाकायचा हक्क. बाकीचे सगळे त्यावरच्या कमाईसकट टॅक्स रिटर्नच्या मुदतीच्या आत काढावे लागले, नाहीतर राहतील तितकी वर्षं दरवर्षी 6 टक्के दंड. काढलेल्या पैशांवर टॅक्स लागला तो वेगळाच.

आता तसं राहिलं नाही, पण अटी आहेत. फी एकट्याची महिना 150 पर्यंत, एकापेक्षा जास्त माणसं असतील तर मिळून 300 पर्यंत (महागाईप्रमाणे हे आकडे पुढे वाढतील). त्याच्या वर गेलं तर फक्त वरचे पैसे तुम्ही भरा असं नाहीये, तुमचा एचएसएत पैसे टाकायचा हक्कच जातो. आणि प्रायमरी केअरसाठी डॉक्टरने ठरलेली फीच घ्यायची, वर इन्शुरन्सला बिल लावायचं नाही. त्यामुळे ते कॉन्सिअर्जवाले, जे मेंबरशिपही घेतात आणि प्रत्येक व्हिजिटला इन्शुरन्सलाही बिल पाठवतात, ते यात बसत नाहीत. मेंबरशिपमध्ये औषधंही धरलेली नकोत, लसी चालतात. साइन करायच्या आधी ॲग्रीमेंटमध्ये हे बघून घ्या, माझ्यासारखं फक्त शेवटच्या पानावर सही करू नका.

तुमचे वर्षाचे 1,080 होतात. पगारातून एचएसएत टाकले, तुम्ही 22 टक्क्यांच्या टॅक्स ब्रॅकेटमध्ये असाल, तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर धरून साधारण 320 डॉलर वाचतील. न्यू जर्सी मात्र एचएसए मानत नाही, स्टेट टॅक्स तिथे भरावाच लागतो, कॅलिफोर्नियातही तेच. आणि बायकोच्या ऑफिसचा साधा एफएसए (पगारातून कापून आरोग्य खर्चासाठी ठेवलेले पैसे) असेल तर तो आधी बघा, त्यातून तुमचा खर्च भरता येतो म्हणून तुमची एचएसए पात्रता जाते, मग डॉक्टरची फी कितीही असो.

आपल्या लोकांसाठी एक सांगतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा ही मेंबरशिप भारी पडते, व्हिजिटर इन्शुरन्सवर साध्या बीपीच्या तपासणीसाठी भांडत बसावं लागत नाही. पण त्यांची फी एचएसएतून भरू नका. तो पैसा तुम्ही, बायको आणि टॅक्सवर दाखवलेले डिपेंडंट यांच्यासाठीच, आणि टूरिस्ट व्हिसावर आलेले आई-बाबा सहसा त्यात बसत नाहीत. भरलात तर त्या रकमेवर टॅक्स आणि 65 च्या आत असाल तर वर 20 टक्के दंड. आम्ही आईची फी साध्या क्रेडिट कार्डाने भरली.

आमची तिघांची फी 290 होती. गेल्या महिन्यात मेल आला की 310 करतोय. मी डॉक्टरला सरळ मेसेज टाकला, 300 च्या वर गेलात तर माझं एचएसए बंद. दुसऱ्या दिवशी उत्तर, ठीक आहे, 300 वरच ठेवतो, हे सांगणारे तुम्ही चौथे.